एका घराचा होकार

मोहटोल्यात त्या उन्हाळ्यात पाण्याचे असे हाल होते, की दारात पाहुणा दिसला की घरची बाई आधी गुंडात, म्हणजे पाण्याच्या हंड्यात, डोकावायची आणि मग ‘या’ म्हणायची. भंडारा म्हणजे तळ्यांचा जिल्हा, हे आपण साऱ्या जगाला सांगत फिरतो. पण मोहटोल्याची बोडी, म्हणजे गावाचं ते एवढंसं तळं, १९८३च्या चैत्रातच आटली आणि तिच्या चिखलात म्हशीसुद्धा बसेनात. बौद्ध वस्तीतल्या विहिरीनं तर होळीच्या आधीच हात टेकले होते. राहिली ती मारुतीसमोरची गावविहीर.

आता तिथं कोणाला मनाई होती असं नाही हो! मनाई करणं कायद्यानं गुन्हा होता आणि मोहटोला हे कायदा पाळणारं गाव होतं. फक्त वस्तीतल्या बायांनी आपला गुंड खाली ठेवायचा, चार हात बाजूला सरकायचं, आणि गावातल्या एखादीला सवड मिळाली की तिनं आपल्या बादलीतून त्यात वरून पाणी ओतायचं. सवड मिळायला कधी तास लागायचा, कधी अर्धा दिवस जायचा. याला मनाई कोण म्हणेल?

पंचफुला तिथं रोज उभी राहायची. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक, आणि बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी करणारी. तिचा नवरा यादोराव वस्तीचा पुढारी. विहाराची भिंत रंगवायची असो की जयंतीची मिरवणूक काढायची असो, शब्द त्याचाच चालायचा. घरी मात्र पंचफुला आणि तिची सासू चंद्रभागाबाई या दोघींत तो बिचारा जात्यात सापडल्यासारखा होता. थोरली मुलगी वच्छला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले, आणि घरात पाणी मोजून प्यायची वेळ. पंचफुलाला झोप लागत नव्हती ती त्यामुळे.

अशात बातमी आली की बोर खोदून हापसा बसवून देणारी गाडी येणार. सरकारची नव्हे, त्याहून मोठ्या कोणाची तरी. जगातल्या देशांनी मिळून चालवलेली एक पाण्याची संस्था होती. तिच्यातर्फे साकोलीकडून एक जीप आली आणि तिच्यातून खादीची साडी नेसलेल्या निर्मलाबाई उतरल्या. बाई नागपूरच्या, संस्थेच्या नोकरीत होत्या. शाळेच्या अंगणात गाव जमलं. सरपंच कृष्णरावांनी खुर्ची दिली, हार घातला, आणि आमच्या गावावर कशी कृपा करावी ते सांगितलं. निर्मलाबाईंनी हार काढून टेबलावर ठेवला.

“कृपा नाही,” त्या म्हणाल्या. “एक बोर आहे, आणि एक नियम आहे. नियम पाळलात तर बोर मिळेल.”

नियम असा होता, की गावात जो समाज संख्येनं लहान असेल त्याचं एक माणूस पाण्याच्या समितीत पाहिजेच. आणि बोर कुठं घ्यायची, कोणी कशी वापरायची, याला त्या माणसानं ‘नाही’ म्हटलं तर बोर नाही. बाकी सगळ्या गावानं हात वर केले तरी नाही.

“बाप रे!” कृष्णराव हसले. “एका माणसाचा एवढा रुबाब? हे कोणी ठरवलं जी?”

“जिनिव्हाला ठरलं. तिथं आमच्या संस्थेची सभा भरते. मोठे देश, लहान देश, सगळे एका टेबलाभोवती बसतात. आधी काय व्हायचं, मोठे देश आपसात ठरवून यायचे आणि लहानांनी नुसत्या माना हलवायच्या. शेवटी लहान अडून बसले. म्हणाले, आमच्या बाबतीतलं काही आमच्या होकाराशिवाय होणार नाही असं मान्य करा, नाहीतर आम्ही टेबलावरून उठतो. वर्ष दोन वर्षं भांडले तेव्हा कुठं ते मान्य झालं. मग त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, हा हक्क आपल्यापुरताच कशाला ठेवायचा? संस्थेची मदत ज्या गावात जाईल त्या गावातल्या लहानालाही तो द्या.”

पंचफुलाला जिनिव्हा कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. पण टेबलावरून उठतो म्हणणारी ती माणसं तिला एकदम जवळची वाटली. विहिरीवर बाजूला सरकून उभं राहणाऱ्याला त्यांचं भांडण समजायला शाळा लागत नाही.

“तर सांगा,” निर्मलाबाईंनी विचारलं, “तुमच्या गावात लहान समाज कोणता?”

“बौद्ध!” सगळं अंगण एका आवाजात म्हणालं. सगळ्यात मोठा आवाज पंचफुलाचा होता.

खरं म्हणजे गावाबाहेर, नाल्यापलीकडे, मांगाचं एक घर होतं. देवकाबाई आणि तिचा मुलगा भैय्यालाल. पण ते दोघं सभेला नव्हते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं नाही हेसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

समितीत चार जण गावातले झाले. पाचव्या जागेसाठी यादोराव उठून उभा राहिला तर निर्मलाबाई म्हणाल्या, पाणी बाया भरतात, बाई द्या. वस्तीतल्या बायांनी पंचफुलाला पाठीत ढोसून पुढं ढकललं. यादोराव खाली बसला आणि टोपी नीट करू लागला.

जमीन तपासणाऱ्या साहेबानं यंत्र फिरवून दोन जागा काढून दिल्या. एक मारुतीपुढच्या चौकात, दुसरी वस्तीत विहाराच्या अंगणात. दोहोंपैकी एकच. झालं, दुसऱ्याच दिवशी पंचफुलाला सरपंचाच्या घरून बोलावणं आलं.

त्या घरी तिनं आजवर चहा प्यायला होता तो सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, कोपऱ्यात पालथ्या ठेवलेल्या कानतुटक्या कपातून. प्यायचा, आपला आपण विसळायचा, पुन्हा पालथा ठेवायचा. आज कृष्णरावांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, फुलाफुलांची कपबशी पुढं केली.

पंचफुलानं इकडंतिकडं पाहिलं. “बाई, माहा कप कुठं गेला जी? कोणी चोरला काय?”

सत्यभामाबाई लाजल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. सासूनं कोपरा दाखवला होता, त्यांनी तो तसाच चालू ठेवला होता. कृष्णराव घसा साफ करत म्हणाले, “समजदार बाई आहे तू, पंचफुला. चौकातली जागा बरी. सगळ्यांले जवळ पडते. तुमच्या बायांलेही येता येईन.”

“येता तर आताही येते जी. येतो आन् उभं रायतो.”

“अवं, आता बोर आहे. कोण कोणाले उभं करन?”

“मंग ते विहारापुढंच होऊ द्या. तुमच्या बायांलेही येता येईन.”

पंचफुलानं चहा संपवला, कपबशी मुद्दाम न विसळता तिथंच ठेवली आणि निघाली. समितीच्या बैठकीत तिनं चौकाला ‘नाही’ म्हटलं. चार विरुद्ध एक, आणि एकाचं झालं! गावात असं आजवर कधी घडलं नव्हतं. वस्तीत तर जणू लग्न निघालं. पोरांनी डफडी काढली, यादोराव दहा जणांना सांगत सुटला की आमच्या घरात काही दम आहे, आणि चंद्रभागाबाईनं सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात हे पहिल्यांदा.

पण माणसाचं मन मोठं विचित्र. बोर आपली झाली म्हटल्यावर दुसऱ्या संध्याकाळी विहारापुढं बैठक बसली, बोरचे नियम करायला. यादोराव उभा राहिला. तो चांगलं बोलायचा, आणि त्या दिवशी तर फारच चांगलं बोलला.

“गावातल्या कोण्याही बाईले येऊ द्या,” तो म्हणाला. “कोणाले बाजूले उभं करायचं नाही. आपल्यासंगं जे झालं ते आपण दुसऱ्यासंगं करणार नाही. आपल्याले ते शिकवलं नाही.”

टाळ्या पडल्या. पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच भरात, फारसा विचार न करता, तिच्या तोंडून गेलं, “आन् देवकाबाई?”

“तिचं काय?”

“तेही येईन ना पाण्याले. नाल्यातला झिरा आटला तिचा.”

टाळ्या थांबल्या. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. बोलली ती चंद्रभागाबाई. म्हातारी छप्पन साली नवऱ्याबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती आणि तो दिवस तिनं जन्मभर कपाळावर मिरवला होता.

“तिचा पोरगा मेलेली ढोरं ओढते,” ती म्हणाली. “आपण ते काम सोडलं तेव्हा गावानं धान बंद केलं होतं. उपाशी राहिलो, पण हात लावला नाही. आता त्याच घरचे हात आपल्या विहारापुढच्या हापशाच्या दांडीले लागतीन?”

म्हातारीचं दुःख खोटं नव्हतं. वस्तीनं टाकलेलं ते काम गावानं उचलून भैय्यालालच्या बापाच्या गळ्यात घातलं होतं, बापाच्या मागं भैय्यालालच्या. त्यानं ते मागितलं नव्हतं. पण हे त्या बैठकीत कोण बोलणार?

यादोरावानं मधला रस्ता काढला. पुढारी माणूस, त्याला मधला रस्ता काढता यायचा. “नाही कोणी म्हणत नाही तिले. गुंड खाली ठेवन, आपली कोणी बाई भरून देईन. तिले दांडी माराचे कष्टही नाही.”

हे वाक्य पंचफुलानं कुठं तरी ऐकलं होतं. पण कालच वस्तीनं तिला डोक्यावर घेतलं होतं, सासूच्या बोटांचा आवाज अजून कानात होता. तिनंही बाकीच्यांसारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बोरची गाडी यायची होती, आणि त्याच सकाळी वच्छलाला कळा सुरू झाल्या. पंचफुलानं धाकट्या पोराला नाल्यापलीकडं पिटाळलं. गावाची सुईण म्हणजे देवकाबाईच, ती आली ती पदर खोचतच. सत्तरीची बाई, कंबरेत वाकलेली, पण हात अजून लोण्यासारखे. मोहटोल्यातलं क्वचितच एखादं माणूस असेल जे त्या हातांतून जगात आलं नाही. कृष्णरावांची नातवंडं तिच्या हातची. आणि यादोराव तर तिच्या हातचं पहिलंवहिलं पोर. त्या वेळी ती स्वतः कोवळी सून होती.

वच्छलाला जड गेलं. देवकाबाई तिला शिव्या देत होती, लाडानं बोलत होती, पोटाला तेल चोळत होती, ‘अवं माहे राजे, अजून एक डाव’ म्हणत होती. ऊन वर आलं तेव्हा पोर रडलं. मुलगी. देवकाबाईनं नाळ कापली, पोरीला पुसून चंद्रभागाबाईच्या मांडीवर दिलं आणि मागच्या अंगणात जाऊन भिंतीला टेकून बसली. तिचा जीव उन्हानं आणि श्रमानं थकून गेला होता.

“पंचफुला, पाणी दे व. घशाले कोरड पडली.”

पंचफुलानं शेवटच्या गुंडातलं लोटाभर पाणी घेतलं. देवकाबाई उकिडवी झाली, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली. पंचफुलाचा हात वर गेला. आपसूक गेला, कोणी शिकवावं लागलं नाही. लोटा वर, ओंजळ खाली, मधून पाण्याची धार. अर्धं पाणी ओंजळीत पडलं, अर्धं मातीत.

आणि तिथंच तिचा हात थांबला. रोज विहिरीवर ती खाली उभी राहून ज्या हाताकडं बघायची, तो हा हात होता. तोच कोन, तीच उंची. गावातल्या बाया वाईट असतात म्हणून तसा हात धरतात, असं ती आजवर समजत होती. आपला हातही तस्साच वर जातो, हे तिला आज दिसलं. तिला इतकी लाज वाटली की कान तापले.

देवकाबाईनं वर पाहिलं. “काय झालं व? हात दुखला काय वर धरून धरून?”

पंचफुलानं लोटा खाली आणला आणि तिच्या हाताशी नेला. “घे. आपल्या हातानं पे.”

देवकाबाई मागं सरकली. “बह्याड झाली काय? तुही सासू पाहून राहिली.”

दारात खरंच चंद्रभागाबाई उभी होती, मांडीवरची पणती आता छातीशी, आणि नजर लोट्यावर. पंचफुलाचा हात तसाच अधांतरी राहिला. ना वर, ना पुढं. तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला, गाडी आली, गाडी आली! तिनं लोटा दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला आणि पदर सावरत ती विहाराकडं गेली.

विहाराच्या अंगणात सगळं गाव लोटलं होतं. एवढी मोठी लोखंडी गाडी कोणी पाहिली नव्हती. कृष्णराव हरले होते, पण मानानं नारळ घेऊन आले होते. यादोराव म्हणत होता, विहारापुढं नारळ फुटत नसतो, मेणबत्ती लागते. दोघांची जुंपायची वेळ आली होती.

“नारळ नको आणि मेणबत्ती नको,” निर्मलाबाई म्हणाल्या. “आधी शेवटचा होकार. जागा हीच, आणि नियम तुम्ही सांगितले तेच.” त्यांनी एकेकाला विचारलं. चौघांनी हो म्हटलं. “पंचफुलाबाई, तुमचा होकार?”

“नाही जी.”

गाडीवरचा माणूससुद्धा वाकून बघायला लागला. यादोरावाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “अवं, जागा आपली आहे! आपल्याच अंगणात उभी आहे तू!”

“माहीत आहे.”

“मंग डोकं फिरलं काय तुहं?”

पंचफुला निर्मलाबाईंकडं वळली. “बाई, तुमचा नियम म्हणते लहानाले विचारा. तुम्ही त्या दिवशी विचारलं तेव्हा मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडलो, आम्ही लहान म्हणून. आम्ही तीस घरं आहो. नाल्यापलीकडं एक घर आहे. ज्या घरच्या बाईनं आजच्या आज माही नात जगात आणली. तिनं गुंड खाली ठेवावा आन् आम्ही भरून द्यावा, असा आमचा नियम झाला. तिले कोणी विचारलं?”

निर्मलाबाईंचा चेहरा उतरला. “मला हे घर कोणी सांगितलंच नाही.”

“सांगणारे आम्हीच होतो ना जी.”

कृष्णरावांना हसू आवरेना. “घ्या! आता गावाची बोर भैय्यालालची माय ठरवन!” गावातली माणसं हसली, वस्तीतली माणसं पंचफुलाकडं अशी बघायला लागली की जणू ती परक्या गावची आहे. गाडीवाला म्हणाला, मला दुपारपर्यंत आंधळगावला पोचायचं आहे, लवकर काय ते ठरवा.

देवकाबाईला बोलावलं. ती आली, हाताला अजून तेल होतं. अंगणाच्या कडेला, कुंपणाबाहेर उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. मग निर्मलाबाईच बाहेर गेल्या, सगळा नियम त्यांनी पहिल्यापासून सांगितला, तिकडच्या लहान देशांसकट.

देवकाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. “मी नाही म्हटलं तर?”

“तर बोर होणार नाही.”

म्हातारीनं सगळीकडं नजर फिरवली. गाव, वस्ती, रिकामे गुंड घेऊन उभ्या असलेल्या बाया. मग ती पंचफुलावर कडाडली.

“हे काय करून ठेवलं व तू? तू नाही म्हटलं, तर तुह्या मागं तीस घरं आहेत. रागावतीन, दोन दिवस बोलणार नाही, मंग घरात घेतीन. माह्या मागं कोण आहे? मी नाही म्हटलं आन् हे गाडी निघून गेली, तर उद्या माह्या पोराले या गावात कोणी उभं करन काय? आन् हो म्हटलं, तर पुन्हा आपला गुंड खाली ठेवून बसतोच. हा हक्क देऊन राहिली मले, का फास?”

टेबलावरून उठतो म्हणणाऱ्या लहान देशाला निदान परत जायला स्वतःचा देश असतो. देवकाबाईला उठून जायला नाल्यापलीकडची एक झोपडी होती, आणि तीही गावाच्याच जमिनीवर.

पंचफुला कुंपण ओलांडून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल एवढी जवळ. “तुह्या मागं मी आहो.”

“तू एकटी?”

“आता तं एकटीच.”

देवकाबाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुस्कारा सोडला. मग तिची नजर यादोरावावर गेली.

“यादो, इकडं ये गा.” त्याला असं एकेरीत हाक मारणारं गावात आता दुसरं कोणी उरलं नव्हतं, त्याच्या आईशिवाय. तो आला. “तू पायाळू होता. अडला होता. तुही माय मराले टेकली होती. याच हातानं तुले बाहेर काढला. तेव्हा कोणी म्हटलं नाही, आधी हात राखेनं घास म्हणून. म्हटलं होतं काय व चंद्रभागा?”

चंद्रभागाबाई पणतीला घेऊन गर्दीच्या मागं येऊन उभी होती. तिनं मान खाली घातली.

“माही हो आहे,” देवकाबाई म्हणाली. “पण एका बोलीवर. पहिला गुंड माहा. मी तो नळाखाली माह्या हातानं ठेवीन. आन् दांडी हा यादो मारन. कबूल असन तर खोदा, नाहीतर जाऊ द्या गाडी. मी रातच्या रात पोराले घेऊन भावाच्या गावाले निघून जातो.”

“असा अटीचा होकार चालतो?” कृष्णरावांनी विचारलं.

“चालतो,” निर्मलाबाई म्हणाल्या. “लहान देश बहुतेक असाच देतात.”

सगळे यादोरावाकडं बघत होते. वस्ती बघत होती, गाव बघत होतं, आणि कृष्णराव ओठातल्या ओठात हसत बघत होते. आदल्या दिवशीचं आपलंच भाषण त्याला आठवलं, की सरपंचाचं ते हसू झोंबलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली.

“मारीन,” तो शेवटी म्हणाला. पंचफुलाकडं न बघता.

बोर लागली, चांगली लागली. चबुतरा बांधला, सिमेंट सुकेपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात यादोराव बायकोशी एक अक्षर बोलला नाही. वस्तीतल्या बाया तिला वाटेत पाहून दुसऱ्या बाजूनं जायच्या. पंचफुलाला घर खायला उठायचं. तिला वाटायचं, काय गरज होती? आपल्याला पाणी मिळत होतं, मान मिळत होता, सासूनं बोटं मोडली होती. मग ती वच्छलाच्या पोरीला मांडीवर घ्यायची.

पाणी सोडायच्या दिवशी ओळ लागली ती विहारापासून रस्त्यापर्यंत. पुढं वस्तीतल्या बाया, मागं गावातल्या, सत्यभामाबाईसुद्धा. सगळ्यांच्या पुढं देवकाबाई, जर्मनचा पोचे पडलेला गुंड घेऊन. यादोरावानं दांडी धरली. म्हातारी चबुतऱ्याजवळ आली आणि जन्माची सवय, गुंड हातभर लांब खाली ठेवून बाजूला सरकली. पंचफुला पुढं झाली, तिनं तिचा हात धरून तिला परत आणलं. मग देवकाबाईनं गुंड उचलला आणि स्वतः नळाखाली ठेवला. यादोराव दांडी मारत होता. पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. गुंड भरला. पंचफुलानं तो तिच्या डोक्यावर चढवला, आणि देवकाबाई मागं न बघता नाल्याकडं चालू लागली.

नळाखालची जागा मोकळी झाली. ओळीतली पुढची पाळी चंद्रभागाबाईची होती, वस्तीतली वडीलधारी म्हणून. तिच्या कंबरेवर पितळी गुंड, आणि दुसऱ्या हाताची मूठ गच्च मिटलेली. मुठीत राख होती. देवकाबाईचा विटाळ काढायला, नळाचं तोंड घासायला आणली होती, हे ओळीतल्या प्रत्येकीला कळलं, कारण आणखी तिघी-चौघींच्या पदराला तशीच राख बांधलेली होती. म्हातारीनं घासलं की सगळ्या घासणार होत्या. आज, उद्या, आणि देवकाबाई येईल त्या प्रत्येक दिवशी.

यादोरावाची दांडी थांबली नव्हती. पाणी चबुतऱ्यावरून वाहत होतं, चैत्र-वैशाखभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते पाणी.

“माय,” तो म्हणाला, “पाणी वाया जाऊन राहिलं.”

चंद्रभागाबाईनं नळाकडं पाहिलं. लेकाकडं पाहिलं. नाल्याच्या वाटेवर देवकाबाईची वाकलेली पाठ अजून दिसत होती. म्हातारी सावकाश खाली बसली. मूठ उघडली, आणि ती सगळी राख आपल्याच गुंडाच्या बुडाला लावून घासायला लागली. तो गुंड तिनं सकाळीच लखलखीत घासून आणला होता. पाण्याखाली धरून तिनं तो विसळला आणि नळाच्या तोंडाशी ठेवला. ते बघता बघता यादोरावाची दांडी थांबली होती.

“मार ना गा,” ती लेकाला म्हणाली, “थांबला काहून?”